केग तुंबला तेव्हा (माझा अनुभव)

फोंड्याच्या घरी बिअर करायला, ऐन मे महिन्यात १९ लिटरच्या स्टीलच्या केगमध्ये (बिअरच्या बंद पिंपात) १७ लिटर वर्ट (ज्याची आंबून बिअर होते ते माल्टचं गोड पाणी) भरलं, यीस्ट टाकलं आणि गॅसच्या तोंडाची नळी पाण्याच्या बाटलीत सोडली. दोन दिवस बुडबुडे धो धो. तिसऱ्या सकाळी एकदम शांत. म्हटलं, आंबून झालं वाटतं! झाकणावरची प्रेशर सोडायची कडी ओढली आणि तपकिरी फेसाचं कारंजं थेट छताला. आतून आईचा आवाज, "पेज उतू गेली काय रे?"

उघडून पाहिलं तर फेसाबरोबर वर चढलेला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा गॅसच्या तोंडातल्या इवल्याशा स्प्रिंगमध्ये घट्ट बसलेला. वायूला वाटच नव्हती.

आता १५ लिटरच भरतो. आंबत असताना त्या तोंडातली स्प्रिंगवाली झडप काढून ठेवतो आणि जाड सिलिकॉनची नळी थेट आट्यांवर चढवतो. त्यानंतर एकदाही तुंबलं नाही.

दुसरी भानगड उकाड्याची. एल नावाच्या बिअरच्या यीस्टला १८-२० अंश लागतात. ओलं फडकं गुंडाळून पाहिलं, पण आपल्याकडच्या दमट हवेत ते वाळतच नाही, मग गारवा कुठला? शेवटी केग पाण्याच्या टबात ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या दोन बाटल्या सोडल्या. आंबताना आतली बिअर बाहेरच्या पाण्यापेक्षा गरम असते, म्हणून टबाचं पाणी १७ वर ठेवतो.

तळाचा गाळ ओढणारी लांब नळी मात्र अजून कापलेली नाही. म्हणून पहिला पेला सरळ मोरीत.