सालसा: जोडीदाराला पहिला राइट टर्न कसा द्यावा

सालसा या जोडीनृत्यातला पहिला टर्न, म्हणजे गिरकी, बिघडतो तो बहुतेक वेळा लीडरचा (इशारे देणाऱ्याचा) हात उशिरा उठल्यामुळे. 1 ते 8 च्या मोजणीत गिरकी 5-6-7 वर असते, पण तिची सूचना त्याआधीच पोचावी लागते.

आधी बेसिक, म्हणजे मूळ पावलांचा क्रम, पक्कं हवं. ‘ऑन वन’मध्ये, म्हणजे 1 ला पाय पुढे-मागे टाकण्याच्या पद्धतीत, लीडर 1 ला डावा पाय पुढे टाकतो, 2 ला वजन परत उजव्यावर, 3 ला पाय जवळ. 4 ला थांबायचं. मग 5 ला उजवा पाय मागे, 6 ला वजन डाव्यावर, 7 ला पाय जवळ, 8 ला थांबायचं. फॉलोअरचं, म्हणजे इशाऱ्यावर नाचणाऱ्या जोडीदाराचं, याच्या आरशासारखं उलट. हे न मोजता जमेपर्यंत टर्नकडे वळू नका.

आता समोरासमोर उभे राहा. लीडरच्या डाव्या हातात फॉलोअरचा उजवा हात, बोटं नुसती अडकवलेली. अंगठ्याने दाबून धरलंत तर फिरताना मनगट पिळवटतं. 1-2-3 नेहमीसारखं. 3 ला हात उचलायला लागा, म्हणजे 4 च्या विरामात तो फॉलोअरच्या टाळूच्या वर पोचतो. 5 पासून तिथेच छोटं वर्तुळ काढा, साधारण बशीएवढं, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. वर्तुळ मोठं झालं किंवा हात स्वतःकडे ओढला, की फॉलोअरचा तोल गेलाच म्हणून समजा. आणि हो, लीडरचे पाय चालूच राहायला हवेत. हाताकडे बघत बसलं की पाय हमखास अडकतात.

फॉलोअरने 5 ला डावा पाय पुढे टाकून चवड्यांवर उजवीकडे अर्धं वळायचं, आता लीडरकडे पाठ. 6 ला वजन उजव्या पायावर घेऊन उरलेलं अर्धं वळण, 7 ला डावा पाय जवळ, पुन्हा समोरासमोर. पावलं लहान, फार तर स्वतःच्या पावलाएवढी. लांब टाकली तर 7 ला वेळेत पोचणं होत नाही. कोपर किंचित वाकलेलं ठेवा. हात अगदी सैल सोडला तर इशारा खांद्यापर्यंत पोचतच नाही. हात वर गेला म्हणून लगेच फिरायचंही नाही, 5 ची वाट बघायची. नजर जमिनीवर नको. लीडरचा चेहरा शक्य तितका वेळ बघत राहा, मग मान झटकन फिरवून तोच चेहरा पुन्हा शोधा. गरगरणं बरंच कमी होतं.

बुटांकडे दुर्लक्ष करू नका. रबरी तळ फरशीला धरून राहतो, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्यात जातो. गुळगुळीत किंवा स्वेडचा (लवदार चामड्याचा) तळ बरा.

सुरुवातीला फॉलोअरने एकट्यानेच 5-6-7 चे पाय घोटावेत, मग दोघांनी बिनसंगीताचे, तोंडाने मोजत. गाणं नंतर, मिनिटाला 150-160 ठोक्यांचं. टर्ननंतर लगेच दुसरा नको, मध्ये एक पूर्ण बेसिक घ्या. टर्न पूर्ण होऊनही 1 चुकत असेल, तर 7 ला वजन डाव्या पायावर पूर्ण आलेलं नसतं. मग पुढच्या 1 ला उजवा पाय मोकळा मिळत नाही.