नळ खोलण्याआधी पाणी बंद करताय? पाना आधी खाली ठेवा

नळ, फ्लश किंवा अँगल कॉक बदलायचा म्हणजे पाणी बंद करायचं, हे कोणालाही कळतं. पण कुठलं पाणी? नागपुरातल्या बऱ्याच घरांत दोन लायनी असतात. पेंचचं नळाचं पाणी थेट स्वयंपाकघरात नि अंगणात येतं, संडास-बाथरूमला गच्चीवरच्या टाकीचं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून थेट लायनीचा नळ खोलणारे आणि मग भिजून प्लंबरला शिव्या घालणारे मी पाहिले आहेत. थेट लायनीसाठी मीटरनंतरचा, घराकडचा कॉक बंद करा. मीटरच्या आधीचा आपला नाही, त्याला हात लावू नका.

टाकीची लाईन असेल तर पंपाचा ऑटोमॅटिक आणि गीझर, दोन्ही बटणं बंद करून वर जा. मे महिना असेल तर सकाळी आठच्या आत, नंतर पाइपालाही हात लागत नाही.

दांडीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपला आडवी केली की काम संपलं.

गोल चाकाचा पितळी गेट व्हॉल्व्ह असेल तर बसा खाली. हा वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचून तो दगड झालेला असतो. इथे शेजारचे काका हमखास सांगतात, ‘पाना लावून जोर मारा, हलते कसा नाही!’ मानेवाड्याच्या घरी मी ते ऐकलं होतं. व्हॉल्व्ह हलला नाही. त्याला जोडलेला प्लास्टिकचा पाइप सांध्यात कडकन तुटला आणि हजार लिटरची भरलेली टाकी जिन्यावरून खाली आली. आपल्या उन्हात उघड्यावरचा पाइप ठिसूळ होतो. पितळ टिकतं, सांधा टिकत नाही.

म्हणून पाना लावायचाच तर व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवायला लावा, म्हणजे पीळ पाइपवर जाणार नाही. चाक हातानेच फिरवा. त्याआधी दांडा तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि अर्धा तास विसरून जा. मग चाकाखालचा, दांड्याभोवतीचा नट जरासा, पाव आट्याहून कमीच, ढिला करा. तिथून थेंब गळतील, गळू द्या. काम झाल्यावर पुन्हा कसा. आता चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने किंचित, मग उलट किंचित, पुन्हा सुलट. एका दमात बंद करायला जाऊ नका. दर फेरीत केसभर जास्त सरकतं, आणि कधीतरी ‘कर्र’ करून मोकळं होतं. मला एकदा पाऊण तास लागला होता.

चाक पूर्ण बसलं तरी खाली बारीक धार सुरूच? तळाशी क्षाराचा खडा अडकलाय. थोडं उघडा, पाणी जोरात जाऊ द्या, परत बंद करा. दोन-तीनदा केलं की बहुधा धार तुटते. तरीही थेंब पडत राहिले तर बादली लावा, पण चाक आवळू नका. आवळलं की आतली पट्टी दांड्यापासून सुटते. मग चाक गरगर फिरतं आणि पाणी मात्र वाहतंच. तसं झालंच तर टाकीत हात घालून आतल्या भोकात कापडाचा बोळा दाबा. बोळ्याला सुतळी बांधून तिचं टोक बाहेर ठेवा, नाहीतर तो पाइपात ओढला जातो आणि वेगळंच काम वाढवतो.

खालचा आणि वरचा, दोन्ही नळ उघडून लाईन रिकामी होऊ द्या. धार थांबली की मगच पाना हातात घ्या.

माझं ऐकाल तर टाकी रिकामी असेल त्या दिवशी हा गेट व्हॉल्व्ह काढून पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लास्टिकचा स्वस्तातला नको, त्याची दांडी दोन उन्हाळ्यांत हातात येते.

काम झाल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. सगळ्यात खालच्या नळाची जाळी काढून तो आधी सोडा, पांढरा चुरा आणि हवा तिथूनच निघू द्या. सगळ्या नळांना सलग धार आली, गीझरच्या गरम नळालाही, की मग गीझर लावा. पंपाचा ऑटोमॅटिकही आठवणीने चालू करा. मी एकदा विसरलो आणि दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावलेला असताना टाकी संपली.