संयुक्त पदवीचा करार एटीकेटीवाल्या विद्यार्थ्यापासून लिहायला घ्या

संयुक्त पदवीच्या कराराचा मसुदा हातात आला की मी आधी त्यात एकच गोष्ट शोधते: एका विषयात नापास झालेल्या मुलाचं किंवा मुलीचं काय होणार, हे कुठे लिहिलंय? बहुतेक मसुद्यांत ते नसतंच. उद्दिष्टं असतात, बोधचिन्ह कोणी कुठे वापरायचं याची कलमं असतात, पण तिसऱ्या सत्रात गणितात एटीकेटी लागलेल्या आणि पाचव्या सत्रासाठी परदेशी जायचं ठरलेल्या विद्यार्थ्याबद्दल एक ओळ नसते. मी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात समन्वयक आहे आणि हे काम नव्याने अंगावर आलेल्या सहकाऱ्यांसाठी लिहिते आहे. गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा कराराशिवायही तरून जाईल. करार लागतो तो अडखळणाऱ्या मुलाला, म्हणून त्याच्यापासून लिहायला घ्या. बाकीची बरीच कलमं त्यातूनच सुचत जातात.

अर्थात त्याआधी आपण नेमकं काय चालवणार आहोत ते ठरवावं लागतं. बैठकीत सगळेच सरसकट ‘जॉइंट प्रोग्रॅम’ म्हणतात, पण युजीसीच्या २०२२ च्या विनियमात तीन वेगळे प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी आपली असते आणि विद्यार्थी जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक, परदेशी संस्थेत मिळवतो. संयुक्त पदवीत अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखायचा, प्रमाणपत्र दोघांचं मिळून एकच आणि प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी एकाच वेळी देतात, आपल्याकडचे किमान ३० टक्के क्रेडिट हवेतच. दोन वर्षांच्या, ८० क्रेडिटच्या एमएस्सीला हे ३० टक्के म्हणजे २४ क्रेडिट आणि चार वर्षांच्या, १६० क्रेडिटच्या पदवीला ४८. हे आकडे मसुद्याच्या पहिल्याच पानावर लिहा. दुहेरी पदवी म्हणजे दोन वेगळ्या विषयांतल्या दोन पदव्या नव्हेत, हेही पालकांना आणि आपल्याच जाहिरात विभागाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पात्रतेचं गणित सोपं आहे. आपल्याला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण असतील, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत आपण पहिल्या १०० मध्ये असू, किंवा आपल्याला उत्कृष्ट संस्थेचा दर्जा असेल, आणि समोरची संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या १००० मध्ये असेल, तर युजीसीची वेगळी परवानगी लागत नाही. नसेल तर अर्ज करायचा. ऑनलाईन आणि दूरस्थ पद्धतीचे अभ्यासक्रम या विनियमात बसत नाहीत आणि फ्रँचायझी पद्धतीला मनाई आहे. अभियांत्रिकीसारख्या शाखांना त्यांच्या परिषदेची मान्यता निराळी. नॅकची मुदत कोणत्या तारखेला संपते ते मात्र फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा.

क्रेडिटचा तक्ता

इथे घाई करू नका, खरं काम इथेच आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार आपला एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट आणि प्रत्येकी २५ ते ३० तास, म्हणजे १५०० ते १८०० तास. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट, प्रत्येकी १० तास. आता चार क्रेडिटच्या आपल्या विषयाला युरोपातले किती द्यायचे? वर्षाच्या प्रमाणात काढलं तर ६. तासांच्या हिशेबाने, तिकडचा क्रेडिट २५ तासांचा धरला, तर १२० भागिले २५, म्हणजे ४.८. एका विषयात फरक किरकोळ वाटतो. पण आपलं २० क्रेडिटचं अख्खं सत्र पहिल्या रीतीने ३० होतं आणि दुसऱ्या रीतीने २४. सहा क्रेडिट कमी पडले की विद्यार्थ्याला तिकडे आणखी एक विषय घ्यावा लागतो, आणि तो नेमका त्याच सत्रात बसेल याची खात्री नसते.

माझा आग्रह वर्षाच्या प्रमाणाचा असतो. विद्यार्थ्याने एक वर्ष मन लावून काम केलं, तर ते दोन्हीकडे एक वर्ष म्हणूनच मोजलं गेलं पाहिजे. समोरच्यांनी तासांचा हट्ट धरला तर सह्या होण्याआधी भांडून घ्या, नंतर त्याचा हिशेब विद्यार्थी चुकता करतो.

तक्ता भरायला मात्र समन्वयकांनी बसायचं नाही. दोन्हीकडचे, तो विषय वर्गात शिकवणारे शिक्षक समोरासमोर बसवा आणि अभ्यासक्रम घटकागणिक जुळवून घ्या. एकच आशय दोनदा मोजता येत नाही, हा विनियमातला नियम आहे. आमच्या संगणकशास्त्राच्या तक्त्यात आपल्या तिसऱ्या सत्रातलं ‘डेटा स्ट्रक्चर्स’ आणि त्यांच्या दुसऱ्या वर्षातलं ‘अल्गोरिदम्स’ यांचा निम्मा भाग सारखा निघाला. नावं वेगळी असल्यामुळे कागदावर ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आपल्या बाई फळ्यावर एकेक प्रकरण लिहीत गेल्या, तेव्हा दिसलं.

गुणांचंही असंच. ब्रिटनमध्ये ७० म्हणजे प्रथम श्रेणी, तिथे ६५ मिळवणारा विद्यार्थी चांगल्या विद्यार्थ्यांत मोजला जातो. आपल्या आईवडिलांना ६५ ऐकून काळजी वाटते आणि आपल्या परीक्षा विभागाने ते तसंच्या तसं उचललं तर मुलाचा सीजीपीए उगाच खाली येतो. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. तिकडे जाताना बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. आपल्याकडे कमाल १० आणि उत्तीर्ण ४ धरले, तर ८.५ चे १.७५ होतात. परतीच्या वाटेवर कोणतं सूत्र लावायचं तेही ठरवा, सोडवलेली दोन उदाहरणं कराराच्या परिशिष्टात घाला आणि त्यावर परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा ठराव घ्या. ठराव नसेल तर तीन वर्षांनी नवीन अधिकारी येतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

एटीकेटी

साताऱ्याहून आलेली आमची एक विद्यार्थिनी सगळ्या विषयांत उत्तम होती, एक विषय राहिला होता. पुनर्परीक्षा तिने दिली, पासही झाली, पण निकाल लागेपर्यंत भागीदार विद्यापीठाची नावं पाठवायची मुदत उलटली होती. नियमाने त्यांचं बरोबर, नियमाने आमचंही बरोबर, आणि मुलीचं वर्ष गेलं. तेव्हापासून त्या तुकडीची पुरवणी परीक्षा आम्ही मुदतीच्या आधी घेतो आणि निकाल लावूनच यादी पाठवतो. करारात आता स्पष्ट लिहिलेलं असतं, की जास्तीत जास्त किती विषय राहिले असतील तर नाव पाठवता येईल आणि ते कोणत्या तारखेपर्यंत सुटले पाहिजेत.

पुढचा प्रश्न तिकडे नापास झाल्याचा. आपल्या मुलांच्या मनात एटीकेटी म्हणजे पुन्हा देता येणारी परीक्षा. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांत प्रयत्नांना मर्यादा असते आणि अनिवार्य विषयातले सगळे प्रयत्न संपले, तर त्या अभ्यासक्रमातून नावच कमी होतं. हे मुलांना विमानात बसण्याआधी, मराठीत, समोर बसवून सांगा. आणि असं झालंच तर त्याने परत येऊन आपली पदवी कशी पूर्ण करायची, याची वाट करारात असू द्या. ज्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येत नाही, त्याला बाहेर पडण्याचा मार्ग ठेवा असं विनियमही सांगतो. मिळालेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाईन क्रेडिट खात्यात, जमा झाले का, हे दर सत्राला स्वतः तपासा.

व्हिसा नाकारला गेला, घरी आजारपण आलं, पैसे कमी पडले, या तिन्ही वेळी विद्यार्थ्याला इथेच राहून कोणते विषय घेता येतील, त्यांची यादी आधीच मंजूर करून ठेवा. भागीदाराने करार मोडला तरी प्रवेश घेतलेली शेवटची तुकडी पूर्ण करायची जबाबदारी दोघांची, हे कलम मी कधीच सोडत नाही. एका विद्यापीठाने ते मान्य केलं नाही, तेव्हा आम्ही बोलणी थांबवली.

बाकीचं थोडक्यात. अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद या क्रमाने विषय जायला वेळ लागतो, तेव्हा बैठकांच्या तारखा आधी मिळवा आणि मगच भागीदाराला सुरुवातीचा महिना सांगा. शुल्क कोण गोळा करणार, कोणत्या चलनात आणि विनिमय दर कोणत्या दिवशीचा, हे लिहा. परदेशी पैसे पाठवताना किती कर कापायचा, हे त्या देशाशी असलेल्या करकरारावर अवलंबून असतं, म्हणून सीएला मसुद्याच्या टप्प्यावरच बसवा.

वेळापत्रक

जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपलं सम सत्र तोवर सुरू झालेलं असतं. एका सत्रासाठी पाठवलं तर परतल्यावर मूल वर्गात मागे पडतं, म्हणून शक्य असेल तर पूर्ण वर्षासाठीच पाठवा. जुलै ते सप्टेंबर मोकळे मिळतात, त्यात मुलांना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकू द्या. वर्ग इंग्रजीत असले तरी घरमालक, दवाखाना आणि बसचालक जर्मनच बोलतात. जर्मन व्हिसासाठी लागणारं, शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र २०२२ च्या नोव्हेंबरपासून आलं आहे. तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागू लागले. हा आकडा बदलत असतो, पालकसभेच्या आधी ताजा बघून घ्या आणि प्रवेश देतानाच सांगा. शेतजमीन तारण ठेवून मुलाला पाठवणारं घर आपल्यासमोर बसलेलं असतं, त्यांना तिसऱ्या वर्षी नवा खर्च कळता कामा नये.

भागीदारांशी दर महिन्याला एक ठरलेली बैठक ठेवा. ब्रिटन आणि जर्मनीत घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आपली बदलत नाहीत. पाहुणे शिक्षक इकडे आले की अतिथीगृहाने २४ तासांत परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद करायची असते, ती केली का ते फोन करून विचारा. गणेशोत्सवात त्यांना जरूर बोलवा, त्यांना फार आवडतं, फक्त विसर्जनाच्या दिवशी बैठक ठेवू नका. डेक्कनवरून कुणालाच कुठे वेळेत पोचता येणार नाही.

आणि नावं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी स्पेलिंगही वेगळं. परदेशी विद्यापीठ पासपोर्ट बघून पदवी छापतं, आपण बारावीची गुणपत्रिका बघून. मग एकाच व्यक्तीच्या दोन प्रमाणपत्रांवर दोन नावं येतात आणि नोकरी देणारे विचारतात, ही दोघं एकच का? प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट आणि गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून नाव जुळवा. जुळत नसेल तर राजपत्रातला बदल किंवा पासपोर्टची दुरुस्ती पहिल्याच वर्षी करायला लावा, आणि दोन्ही विद्यापीठांत छापायचं नाव एका कागदावर विद्यार्थ्याच्या सहीने घेऊन तो कागद दोन्ही परीक्षा विभागांना पाठवा.