एका सर्व्हरवर अनेक साइट्स: परमिशनच्या या चुका टाळा

४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा एरर दिसला की पहिला हात सीएचमॉड ७७७ कडे जातो. सीएचमॉड ही परवानगी बदलणारी कमांड. तीन आकडे क्रमाने मालक, ग्रुप आणि बाकी सगळ्यांचे: वाचायला ४, लिहायला २, चालवायला किंवा फोल्डरमध्ये शिरायला १, त्यांची बेरीज. म्हणजे ७७७ मध्ये सगळ्यांना सगळं मोकळं. साइट उघडते, क्लायंट गप्प होतो आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. सर्व्हरवर एकच साइट असेल तर नुकसान निदान तिच्यापुरतं राहतं. पण उबुंटूचा एक व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), त्यावर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आणि चार-पाच वर्डप्रेस साइट्स असा मामला असेल, तर एका साइटच्या जुनाट प्लगइनमधून घुसलेल्याला शेजारच्या साइटमध्येही हवं ते लिहायची मोकळीक मिळते.

लॉग न वाचता आकडे बदलणं

एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’ असेल, तरच परवानगीची भानगड आहे. ‘डिरेक्टरी इंडेक्स ऑफ… इज फॉरबिडन’ असेल, तर त्या फोल्डरमध्ये इंडेक्स फाइलच सापडलेली नाही. बहुतेक वेळा कॉन्फिगमधल्या इंडेक्सच्या ओळीत इंडेक्स डॉट पीएचपी लिहायचं राहिलेलं असतं. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ आलं, तर ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ कुठे राहिलंय ते बघा. या दोन्ही ठिकाणी दिवसभर सीएचमॉड मारलंत तरी ४०३ जागचा हलणार नाही.

फक्त फाइल बघणं, वाट न बघणं

फाइल ६४४, फोल्डर ७५५, तरी ४०३. अशा वेळी वरचे फोल्डर तपासा. वाड्याचा दिंडी दरवाजाच बंद असेल, तर माजघर उघडं असून उपयोग काय? मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर वेब सर्व्हरच्या युजरला एक्स, म्हणजे आत शिरायची परवानगी लागते. नेमआय कमांडला -एल लावून फाइलचा पूर्ण पाथ द्या. प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परवानगी एकाखाली एक दिसते. समजा ‘दुकान’ नावाच्या युजरची साइट /होम/दुकान मध्ये ठेवली असेल, तर बहुधा ‘दुकान’च्याच ओळीत शेवटच्या तीन जागी नुसत्या रेघा दिसतील. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० ने तयार होतं. जुन्या सर्व्हरवर चालणारी मांडणी नव्यावर हलवली की अडते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

मालक चुकीचा, आणि दुरुस्ती मात्र परवानगीची

वर्डप्रेस प्लगइन अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागतं, तेव्हा लोक हमखास ७७७ करतात आणि तरीही तो चौकोन जात नाही. कारण वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल बनवतं आणि तिचा मालक स्वतःच्या फाइल्सच्या मालकाशी जुळतो का ते बघतं. फाइल्स रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) नावावर आणि वर्डप्रेसचा कोड चालवणारं पीएचपी चालतंय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (उबुंटूवर वेब सर्व्हरचा युजर) म्हणून, तर हे जुळणार कसं? इथे सीएचओन, म्हणजे मालक बदलणारी कमांड लागते. सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, गिट पुल किंवा कंपोझर या कोड आणणाऱ्या कमांड चालवायची सवय असेल तर ती आधी सोडा. रूटच्या मालकीच्या फाइल्स तिथूनच येतात.

सगळ्या साइट्स एकाच युजरवर चालवणं

खरी मेख इथे आहे. पीएचपी-एफपीएम हे पीएचपी चालवणारं सर्व्हिस, आणि त्यातल्या एका युजरखाली चालणाऱ्या प्रोसेसचा गट म्हणजे पूल. उबुंटूवर मूळ पूल डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणून चालतो. सगळ्या साइट्स त्यावरच ठेवल्या, तर ‘दुकान’मध्ये शिरलेला कोड शेजारच्या ‘शाळा’ या साइटची डब्ल्यूपी-कॉन्फिग (वर्डप्रेसची सेटिंगची फाइल) वाचू शकतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट. म्हणून प्रत्येक साइटला वेगळा युजर आणि वेगळा पूल द्या.

इथवर बरेच जण येतात आणि पुढच्या पायरीवर घसरतात. कुठल्याशा ट्युटोरियलमध्ये वाचून ‘दुकान’ आणि ‘शाळा’ या दोघांनाही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ग्रुपमध्ये टाकतात आणि फाइल्सचा ग्रुपही तोच ठेवतात. झालं! दोघे पुन्हा एकमेकांच्या फाइल्स वाचायला मोकळे. शिवाय एक विचित्र दुखणं मागे लागतं: जुने फोटो दिसतात, नवीन अपलोड केलेले तेवढे ४०३ देतात. फोल्डर ७५० असेल तर वर्डप्रेस नवी फाइल ६४० ने ठेवतं आणि तिचा ग्रुप ‘दुकान’ पडतो. मग एन्जिनएक्सला ती वाचता येत नाही.

दिशा उलटी ठेवा. फाइल्सचा मालक आणि ग्रुप दोन्ही ‘दुकान’, फोल्डर ७५०, फाइल्स ६४०, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला ‘दुकान’ ग्रुपमध्ये घाला. होम फोल्डरची अडचणही यातच सुटते. डब्ल्यूपी-कॉन्फिग तर ६०० ठेवली तरी चालते, कारण ती वाचायचं काम पीएचपीचं आहे, एन्जिनएक्सचं नाही. मात्र मग मूळ पूलवर एकही साइट सोडू नका. तिथे राहिलेल्या साइटला सगळ्यांच्या घरात वाट मिळते.

ग्रुपमध्ये घालताना युजरमॉड कमांडला -एजी लावा. त्यातला ए गळाला, तर तो युजर बाकीच्या ग्रुप्समधून बाहेर पडतो, आणि हे स्वतःच्या लॉगिनवर केलंत तर सुडोच जातं. एन्जिनएक्स रीलोड किंवा रीस्टार्ट केल्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्या. मग ‘सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ लावून एखादा फोटो कॅट कमांडने वाचून बघा. वाचता आला तर ब्राउझरमध्येही दिसायला हरकत नाही.

पूल वेगळा केल्यावर ५०२

५०२ म्हणजे एन्जिनएक्स पीएचपीपर्यंत पोचत नाही. पूलच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिसन.ओनर आणि लिसन.ग्रुप बघा. पूलचा युजर ‘दुकान’ असला तरी सॉकेट (एन्जिनएक्स आणि पूल ज्यातून बोलतात ती फाइल) एन्जिनएक्सला उघडता आलं पाहिजे, म्हणून इथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच हवं. २०१४ पर्यंत हे सॉकेट आपसूक ०६६६ असायचं, म्हणजे कुणालाही उघडं. पीएचपी ५.५.१२ मध्ये ते ०६६० झालं. ‘लिसन.मोड (सॉकेटची परवानगी) ०६६६ करा’ हा सल्ला अजून फिरतो. तो ऐकलात तर ‘शाळा’चा कोड थेट ‘दुकान’च्या पूलला हाक मारू शकेल आणि वेगळ्या युजरचा सगळा खटाटोप पाण्यात जाईल.

अल्मा, रॉकीवाल्यांसाठी

अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवर सगळं बरोबर दिसूनही ४०३ आला, तर एलएस कमांडला -झेड लावून एसईलिनक्सचं (परवानग्यांवरच्या आणखी एका पहारेकऱ्याचं) लेबल बघा. होममधून एमव्ही कमांडने हलवलेल्या फाइल्स जुनं लेबल सोबत घेऊन येतात. फाइल्स /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली असतील तर लेबल पूर्ववत करणारी रीस्टोअरकॉन -आरव्ही कमांड पुरते. त्यासाठी एसईलिनक्स कायमचं बंद करायची गरज नाही. पीएचपीचं सेशन फोल्डरही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या फाइल्सचं) तिथे अपाची ग्रुपच्या ताब्यात असतं. वेगळ्या युजरच्या पूलला तिथे लिहिता येत नाही आणि लॉगिन केल्याकेल्या माणूस बाहेर फेकला जातो. प्रत्येक पूलला स्वतःचं सेशन फोल्डर द्या, मालक त्या पूलचा युजर, परवानगी ७००.