मायस्थेनिया ग्रॅव्हिस: निदान लांबवणाऱ्या या चुका टाळा

मायस्थेनियात शरीरातलीच अँटिबॉडी नस आणि स्नायूच्या जोडावर हल्ला करते. त्यामुळे स्नायू वापरला की थकतो आणि विसावा मिळाला की सुधारतो. निदान बहुतेक वेळा चुकतं ते या चढउताराकडे लक्ष न गेल्यामुळे.

फक्त सकाळी दाखवणं. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने सोलापूरला आलेल्या पेशंटची पापणी ओपीडीत नीट उघडी दिसते. मग ‘अशक्तपणा आहे’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं सुरू होतात. त्यापेक्षा संध्याकाळी उजेडात बसवून, मान न हलवता ६० सेकंद वर बघायला सांगा आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्या. पापणी हळूहळू उतरताना दिसली, तर तो व्हिडिओ डॉक्टरांना आवर्जून दाखवा. जेवणाकडेही लक्ष ठेवा. कडक भाकरी निम्मी होते न होते तोच जबडा दमतो, हनुवटीला हाताचा टेकू द्यावा लागतो. घरचे दातांना दोष देतात, पण ही फार मोलाची खूण आहे. बोलता बोलता आवाज गेंगाणा होत असेल तर तेही सांगा.

चष्म्याचा नंबर बदलत राहणं. एकाच्या दोन वस्तू दिसतात, पण कुठलाही एक डोळा झाकला की एकच दिसते? मग दोष डोळे फिरवणाऱ्या स्नायूंच्या ताळमेळात आहे. मात्र एक बाहुली मोठी झाली असेल किंवा हातपाय अचानक लुळा पडला असेल, तर कारण वेगळं आहे. तडक हॉस्पिटल गाठा.

एका नॉर्मल रिपोर्टवर थांबणं. मेंदूचा एमआरआय या आजारात नॉर्मलच येतो. रक्तात तपासली जाणारी अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी (नसेचा निरोप घेणाऱ्या स्नायूवरच्या जागेवर हल्ला करणारी) अंगभर पसरलेल्या आजारात सुमारे ८५ टक्के रुग्णांत सापडते, पण आजार डोळ्यांपुरताच असेल तर जेमतेम निम्म्यांत. ती निगेटिव्ह आली तर मस्क (MuSK) ही याच आजारातली दुसरी अँटिबॉडी तपासतात. आरएनएस या नस-स्नायूच्या चाचणीत नसेला सेकंदाला साधारण ३ विजेचे हलके झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घटतो का ते पाहतात. एसीच्या खोलीत हात गार पडला असेल तर ही घट लपते, म्हणून हात आधी शेकून घ्यावा. फक्त हातावर न थांबता चेहऱ्याच्या आणि खांद्याच्या स्नायूवरही चाचणी व्हावी. पायरिडोस्टिग्मीन ही या आजारावरची गोळी चालू असेल तर ती साधारण १२ तास आधी थांबवतात, पण डॉक्टरांना विचारूनच. निदान पक्कं झालं की छातीचा सीटी टाळू नका. १० ते १५ टक्के रुग्णांत थायमसची (छातीच्या हाडामागच्या ग्रंथीची) गाठ असते.

कुठलीही अँटिबायोटिक घेणं. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, तसंच शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम आणि बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाच्या काही गोळ्या) यांनी आजार उसळू शकतो. ही नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि मेडिकलवाल्यालाही दाखवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात उष्म्यानेही त्रास वाढतो, तेव्हा कष्टाची कामं सकाळीच उरका.

एका श्वासात २० पर्यंत आकडे म्हणता येत नसतील, प्यायलेलं पाणी नाकावाटे येत असेल किंवा आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर जादा गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या आयसीयूतच न्यायला सांगा.