सोलापूरहून खाडीकडं: पावसाळी पाण्याच्या कामात येणाऱ्यांसाठी

सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंट करणारी आपल्याकडची मुलं मला वरचेवर विचारतात, "ताई, सोलापुरात ना समुद्र ना धड पाऊस, मग हे शिकून करायचं काय?" नकाशा काढून बघा. आपल्या रस्त्यांवरून वाहणारं पाणी नाल्यांतून सीनेत जातं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, पण आठ महिने रस्त्यावर साठलेलं सगळं तो एका दणक्यात धुऊन नेतो. म्हणजे या कामातला पहिला धडा तुमच्या दारातच आहे.

रनऑफ (जमिनीवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी), कॅचमेंट (ते पाणी जिथून गोळा होतं तो भाग), रॅशनल मेथड (त्यावरून प्रवाहाचा अंदाज काढायची रीत) येतं असं धरून पुढं लिहिते. नसेल येत तर केंद्र सरकारची २०१९ ची पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची नियमावली आधी वाचा. कंटाळवाणी आहे, तरी वाचा.

या पाण्यात काय असतं? गाळ, ऑइल, जनावरांचं शेण, प्लास्टिक आणि टायरची भुकटी. टायरला कमी लेखू नका. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर प्युजेट साउंड भागात पाऊस पडला की ओढ्यांत आलेले कोहो सामन मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे. बरीच वर्षं कारण कळेना. २०२० मध्ये उलगडा झाला: टायर टिकावा म्हणून रबरात जे रसायन घालतात, त्याचा ओझोनशी संयोग होऊन विष तयार होतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. आता सांगा, यात कुठलं एक शहर दोषी? रस्ता तर सगळ्यांचाच.

म्हणून शेजारच्या शहरांना एकत्र बसावंच लागतं. आपल्याकडची ठाणे खाडी घ्या. एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला नवी मुंबई, वरच्या टोकाला ठाणे. महापालिका वेगळ्या, अंदाजपत्रकं वेगळी, पाणी मात्र एकच. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख मिळाली, पण एकट्या महापालिकेनं कितीही नालेसफाई केली तरी ही खाडी स्वच्छ होणार नाही. लॉस एंजेलिस काउंटीत ऐंशीहून जास्त शहरं पावसाळी गटारांसाठी एकाच परवान्याखाली बांधलेली आहेत. १९८७ मध्ये तिथल्या जलशुद्धी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यातून हे आलं. पुढं २०१८ मध्ये मतदारांनी करही मंजूर केला: पाणी मुरू न देणाऱ्या प्रत्येक चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. त्यातला निम्मा पैसा पाणलोटाप्रमाणे सामायिक कामांना जातो. जेवढं काँक्रीट तेवढा वाटा. मला हा हिशेब फार पटतो.

पण वाटा ठरवायचा तर कुणाचं पाणी किती, हे कुणीतरी मोजलं पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. आणि इथंच मी अडकले होते, म्हणून आता जरा सविस्तर सांगते.

सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात नाला एकाच दिशेनं वाहतो. वरून खाली. खाडीच्या तोंडाशी तसं नसतं, आणि हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही, कामावरही नाही. माझं काम खाडीत पडणाऱ्या नाल्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायचं: बादली दोरीनं सोडायची, बाटल्या भरायच्या, बर्फाच्या पेटीत ठेवायच्या, लेबलवर शहराचं नाव आणि नाल्याचा क्रमांक लिहायचा. हे सगळं नियमानं चाललं होतं आणि आकड्यांचा मेळ मात्र बसत नव्हता. एकाच नाल्याचं पाणी सकाळी घाण, दुपारी स्वच्छ. धो धो पावसात कधी अगदी निवळ. मी प्रयोगशाळेवर संशय घेतला, बाटल्यांवर घेतला.

घोळ भरतीचा होता. दिवसातून दोनदा खाडीचं पाणी वर चढतं आणि नाल्याच्या मुखातून आत शिरतं. त्या वेळी बादलीत येतं ते या शहराचं पाणी नसतं. त्यात खाडी असते, पलीकडच्या शहरानं सकाळी सोडलेलंही असतं. तुम्ही लेबल लावता या शहराचं. मग बैठकीत दोन्ही बाजू तोच तक्ता घेऊन भांडतात आणि दोघांनाही तो चुकीचाच असतो.

उपाय हातात मावतो: कंडक्टिव्हिटी मीटर. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो मोजतो, पाणी जितकं खारं तितकं रीडिंग जास्त. समुद्राच्या पाण्याचं रीडिंग ५० मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतं, रस्त्यावरून आलेल्या पावसाच्या पाण्याचं सहसा १ च्या आत. मीटरवर ३० दिसलं तर बाटली भरूच नका, तेव्हा खाडी आत आलेली आहे. पण एवढ्यावर थांबू नका. खारं पाणी जड असतं, ते तळाशी सरपटत आत येतं आणि वर गोडं पाणी तरंगत राहतं. वरचं रीडिंग ०.८ आणि हातभर खाली २५, असं मी स्वतः पाहिलंय. म्हणून वर आणि तळाशी, दोन्हीकडं मोजा. शक्य असेल तर मुखापासून वर सरका, जिथं भरती पोचतच नाही तिथं नमुना घ्या. आणि भरतीचं छापील वेळापत्रक बंदरावरचं असतं. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, तो फरक तुमचा तुम्हाला काढावा लागतो.

तिथल्या एका कोळी काकांनी मला तिथीचा हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे छोटी. पंचांग आपल्या घरोघरी असतंच, वापरा. छापील वेळापत्रकाला पर्याय म्हणून नाही, आपली समज पक्की व्हावी म्हणून.

दुसरी गोष्ट थोडक्यात: घाणीची तीव्रता आणि घाणीचं ओझं वेगळं. समजा पाऊस सुरू होताच लिटरला ८०० मिलिग्रॅम गाळ आहे आणि प्रवाह सेकंदाला ०.२ घनमीटर. ओझं झालं सेकंदाला १६० ग्रॅम. दोन तासांनी गाळ १५० वर आला, पाणी निवळल्यासारखं दिसतंय, पण प्रवाह आहे ४ घनमीटर. ओझं ६०० ग्रॅम! एका बाटलीवरून शहराला दोष देणारा आणि एका बाटलीवरून सोडून देणारा, दोघंही सारखेच उथळ. अमेरिकेत चेसापीक उपसागरासाठी २०१० मध्ये नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळाची वाटणी सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्यात झाली, तीही ओझ्यावरच. प्रवाह मोजायला शिका. ज्याला प्रवाह मोजता येतो, त्याला या क्षेत्रात काम कमी पडत नाही.

गुरूबद्दल माझं मत कडक आहे. जो नाल्यावर येत नाही आणि तुमची फील्डबुक उघडून बघत नाही, त्याच्या हाताखाली दोन पावसाळे घालवू नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. पहिल्या नोकरीत माझ्या नोंदी दुसऱ्याच्या नावानं अहवालात गेल्या. तेव्हापासून प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि सही असते. पैसे देऊन मिळणारी आठ दिवसांची सर्टिफिकेटं घेऊ नका. एसडब्ल्यूएमएम (पावसाळी पाण्याचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतात, बसून शिका. मात्र दुसऱ्याचं तयार मॉडेल उचलून त्यात आपल्या शहराचे आकडे घालू नका. पकडले जाल. नाही पकडले गेलात तर आणखी वाईट, कारण त्या आकड्यांवर पंप बसतात. गेटला (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला) बसणार असाल तर २०२१ पासून एन्व्हायर्नमेंटचा स्वतंत्र पेपर आहे, सिव्हिलच्या गर्दीत जायची सक्ती नाही.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोनं माणसं मरतात. मॅनहोलमध्ये तर कधीच नाही, साहेब ओरडले तरी नाही. आतला वायू दिसत नाही आणि वेळही देत नाही.

घाबरून मात्र जाऊ नका. पहिला पावसाळा कुणालाच कळत नाही. पगार सुरुवातीला कमी असतो, खोलीभाडं अंगावर येतं, घरचे फोनवर "कशाला गेलीस की तिकडं" म्हणतात. दुसऱ्या पावसाळ्यात नाल्याकडं बघूनच भरती आत आली की नाही ते कळायला लागतं, आणि वेगवेगळ्या महापालिकांचे इंजिनिअर एका टेबलावर तुमचा तक्ता बघून गप्प होतात, तेव्हा फार बरं वाटतं. हे काम त्या टेबलासाठीच करायचं.

सोलापुरात असाल तर या जूनमध्येच सुरुवात करा. पहिल्या मोठ्या सरीला आपल्या भागातल्या नाल्याच्या पुलावर उभं राहा, कठड्याच्या आतूनच. तासभर दर दहा मिनिटांनी एक बाटली, प्रत्येकीवर वेळ, आणि पुलाच्या खांबावर पाण्याची उंची कुठवर आली ते लिहा. बाटल्या रात्रभर खिडकीत ओळीनं ठेवा. सकाळी तळाशी बसलेला गाळ पट्टीनं मोजा आणि उंचीशेजारी मांडा. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या.