ओटीपी मेसेजवर घ्यायचा की ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर? आधी जीमेलपासून सुरू करा

मेसेजमधून येणारा सहा आकडी कोड आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला (म्हणजे मोबाईलमध्येच कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपमधला) कोड दिसायला सारखेच, पण मेसेजचा कोड तुमच्या नंबरवर येतो, म्हणजे नंबर ज्याच्या हातात त्याला कोड. कुणी तुमच्या नावाने खोटी कागदपत्रं देऊन डुप्लिकेट सिम काढलं की तुमच्या मोबाईलची रेंज जाते आणि सगळे ओटीपी त्याच्याकडे पडायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरचे तेव्हाचे सीईओ जॅक डॉर्सी यांचंच अकाउंट असा नंबर पळवून वापरलं गेलं होतं.

आणि आपल्याकडे तर सिमपर्यंत जायचीही गरज पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका नाहीतर आरटीओच्या चलनाच्या नावाने एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाईल) येते, घरातल्या कुणीतरी ती इन्स्टॉल केली, मेसेज वाचायची परमिशन दिली, की आलेला प्रत्येक ओटीपी परस्पर तिकडे जातो आणि आपल्याला पत्ताच नसतो. माझ्या मते आपल्या लोकांना खरा धोका हाच आहे.

अ‍ॅपचं काम वेगळं चालतं. सेटअपच्या वेळी एक गुप्त की तुमच्या मोबाईलमध्ये साठवली जाते, ती की आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून दर ३० सेकंदाला मोबाईल स्वतःच नवा कोड काढतो, कुठून काही यावं लागत नाही. त्यामुळे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या शेडमध्ये वायफाय आहे पण मोबाईलला रेंज नाही, तरी लॉगिन होतं.

सुरुवात जीमेलपासूनच करा, कारण बाकी सगळ्या अकाउंटचं 'पासवर्ड विसरलात' तिथंच येऊन पडतं. प्ले स्टोअरवरून गूगल ऑथेंटिकेटर घ्या (नाव आणि कंपनी नीट वाचून, सारख्या नावाची बरीच अ‍ॅप्स आहेत), मग गूगल अकाउंटमध्ये सिक्युरिटी, तिथं टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय), तिथं ऑथेंटिकेटर. क्यूआर येतो, तो अ‍ॅपने स्कॅन करायचा आणि अ‍ॅपमधला कोड तिथं टाकायचा, झालं.

चुलतभावाचं टॉवेलचं दुकान आहे, ऑर्डरी सगळ्या इन्स्टावर, त्याला हे लावून देताना तो इथंच अडला. म्हणाला, "अरे क्यूआर ह्याच मोबाईलवर आहे, ह्यानंच स्कॅन कसा करू?" तर दादा, स्कॅन करायचंच नाही, क्यूआरजवळ की कॉपी करायचा पर्याय असतो, ती कॉपी करून अ‍ॅपमध्ये प्लसवर दाबून 'सेटअप की' मध्ये पेस्ट करायची. इन्स्टाला सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, पासवर्ड अँड सिक्युरिटी, टू फॅक्टर (टू स्टेपचंच दुसरं नाव), तिथं ऑथेंटिकेशन अ‍ॅप. कोड बरोबर टाकूनही चुकीचा म्हणत असेल तर मोबाईलची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, बहुतेक वेळा तेवढंच असतं.

आता ज्याकडे लोक बघतच नाहीत ते, बॅकअप कोड. मोबाईल हरवला, पाण्यात पडला, तर अ‍ॅपही गेलं, आणि मग स्वतःच्याच अकाउंटच्या बाहेर बसायची वेळ येते. गूगल १० बॅकअप कोड देतं, एकेक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा, त्याचा फोटो काढून गॅलरीत अजिबात ठेवू नका. नवीन मोबाईल घेतला तर जुना विकायच्या किंवा रिसेट करायच्या आधी अ‍ॅपमधून ट्रान्सफर अकाउंट्स करून घ्या आणि नवीनवरून एकदा लॉगिन करून बघा, मगच जुना हातातून सोडा.

अ‍ॅप लावलं तरी टू स्टेपच्या यादीत मेसेजचा पर्याय तसाच राहिला तर चोर 'दुसऱ्या पद्धतीने' वर दाबून मेसेजच मागवेल. म्हणून बॅकअप कोड हातात आल्यावर तिथून नंबर काढून टाका. जिथं अ‍ॅपची सोयच नाही तिथं मेसेजचा कोड चालू ठेवा, नुसत्या पासवर्डपेक्षा तो कधीही बरा.

बँकेचे ओटीपी अजून बहुतेक मेसेजवरच येतात, तिथं आपल्या हातात सिम सांभाळणं आहे. सिमला पिन लावा (कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्या, तीनदा चुकला तर सिम लॉक होतं आणि ते उघडायला पीयूके, म्हणजे सिम कंपनीकडचा कोड मागतं), लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू स्टेपचा सहा आकडी पिन लावा. आजूबाजूला सगळ्यांना रेंज आहे आणि तुमचंच सिम अचानक बंद पडलं तर नेटवर्क येईल म्हणून थांबू नका, दुसऱ्याच्या मोबाईलवरून लगेच सिम कंपनीला आणि बँकेला फोन लावा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर.

आणि एक लक्षात ठेवा, फसव्या लिंकवर जाऊन अ‍ॅपमधला कोड स्वतःच्या हाताने टाकला, किंवा फोनवर कुणाला वाचून दाखवला, तर अ‍ॅपही वाचवू शकत नाही. ह्यावर पासकी (पासवर्डऐवजी मोबाईलच्या फिंगरप्रिंटने किंवा स्क्रीन लॉकने लॉगिन) चांगली, ती खऱ्या साईटशिवाय चालतच नाही, गूगलला आहे, जमलं तर तीही लावून घ्या. आईवडिलांच्या मोबाईलवर हे सगळं लावताना शेजारी बसून त्यांच्याच हाताने करून घ्या, आणि बॅकअपचा कागद कुठं ठेवलाय ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या.